वूकॉमर्स मराठीत आणताना: रिकाम्या जागेला विभक्ती चिकटवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात, महालात, मसाले आणि संत्रा बर्फीचं घरचं दुकान आहे. वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवून ऑनलाइन विक्री सुरू केली. साइटची भाषा मराठी केली तरी निम्मं पान इंग्रजीतच राहतं. लोको ट्रान्सलेट या भाषांतराच्या प्लगिनमध्ये तीन आठवडे बसून भाषांतर केलं, पण प्लगिन अपडेट झालं आणि ते उडालं. शिवाय जे काही मराठीत दिसत होतं ते वाचताना अवघडल्यासारखं वाटायचं. आता पुन्हा करायचं तर कसं करायचं?

ताई, आधी उडालेल्या कामाचं बघू. लोकोमध्ये नवी भाषा जोडताना फाइल कुठे ठेवायची ते विचारतात. तिथे ऑथर, सिस्टम आणि कस्टम असे पर्याय असतात. ऑथर म्हणजे प्लगिनचा स्वतःचा फोल्डर. अपडेट येतं तेव्हा वर्डप्रेस तो फोल्डर अख्खा काढून नवा ठेवतं आणि त्याच्यासोबत तुमची फाइलही जाते. सिस्टम म्हणजे वर्डप्रेसचा सामाईक भाषांचा फोल्डर. तिथे अधिकृत भाषा-पॅक उतरला की तो तुमच्या फाइलच्या जागी बसतो. कस्टम हा लोकोचा वेगळा फोल्डर, त्याला अपडेट हात लावत नाही. तुमची फाइल बहुधा ऑथरमध्ये होती. होस्टिंगवाल्यांकडे अपडेटच्या आधीचा बॅकअप असेल तर त्यातून फक्त पीओ, म्हणजे भाषांतर लिहिलेली फाइल, मागून घ्या. ती मिळाली तर तीन आठवडे परत मिळाले. पीओ मिळाली नाही आणि नुसती एमओ मिळाली, तरी तिच्यातून पीओ परत काढता येते. म्हणून हातात जे येईल ते टाकून देऊ नका. यापुढे पीओ फाइलची एक प्रत स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवाच. पीओ ही आपली वही. एमओ ही त्या वहीवरून मशीनसाठी बनवलेली प्रत.

फाइलच्या नावाची एक चूक मी वारंवार पाहतो. वर्डप्रेसमध्ये मराठीचा कोड नुसता एमआर आहे. हिंदीच्या कोडला देशाचं शेपूट आहे, मराठीच्या नाही. शेवटी एमआर-आयएन लिहिलेली फाइल कितीही चांगली असली तरी वर्डप्रेस ती उघडणार नाही.

आणि एक नवी गोष्ट. एप्रिल २०२४ मध्ये वर्डप्रेस ६.५ आलं, तेव्हापासून भाषांतराची पीएचपी रूपातली फाइलही वापरतात, कारण ती लवकर वाचून होते. दोन्ही फाइली शेजारी असतील तर वर्डप्रेस पीएचपीवाली आधी घेतं. त्यामुळे सिस्टम फोल्डरमध्ये तुम्ही नवी एमओ चढवली आणि जुनी पीएचपी फाइल तिथेच राहिली, तर पानावर जुनंच दिसत राहणार. लोक कॅश पुसतात, ब्राउझर बदलतात, होस्टिंगवाल्यांशी भांडतात, आणि कारण शेजारच्या त्या एका फाइलमध्ये असतं.

आता निम्मं पान इंग्रजीत का राहतं ते पाहू. दुकानाच्या पानावरची अक्षरं एकाच ठिकाणाहून येत नाहीत. काही प्लगिनच्या कोडमधून येतात. पीओ फाइल फक्त त्यांच्यासाठी असते. काही तुमच्या डेटाबेसमधून येतात: वस्तूंची नावं, वर्ग, ‘कार्ट’ आणि ‘चेकआउट’ या पानांची शीर्षकं, डिलिव्हरीच्या पर्यायाचं नाव. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे नाव एकदा सेटिंगमध्ये सेव्ह झालं की ते तुमचं लिखाण झालं, प्लगिनचं राहिलं नाही. पीओमध्ये त्याचं शंभर वेळा भाषांतर करा, पानावर इंग्रजीच दिसणार. ते वूकॉमर्सच्या पेमेंटच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने मराठीत लिहायचं. तुम्ही म्हणता ते निम्मं इंग्रजी यातलंच असेल, असं मला वाटतं. पेमेंट गेटवेचं प्लगिन वेगळं असतं, त्याची पीओही वेगळी, तेही विसरू नका.

तिसरा भाग जावास्क्रिप्टचा. २०२३ च्या शेवटी आलेल्या वूकॉमर्स ८.३ पासून नव्या दुकानांना कार्ट आणि चेकआउट ही दोन पानं ब्लॉकच्या रूपात मिळतात. ती ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये तयार होतात आणि आपलं भाषांतर जेसन नावाच्या वेगळ्या फाइलींमधून घेतात. एमओ फाइल तिथपर्यंत पोचत नाही. म्हणजे दुकानाचं बाकी पान मराठी, आणि नेमकं पैसे भरायचं पान इंग्रजी. ग्राहक जिथे सगळ्यात जास्त बिचकतो ते हेच पान. याला दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे डब्ल्यूपी-सीएलआय या, वर्डप्रेसला टाइप करून आज्ञा देण्याच्या साधनातल्या मेक-जेसन आज्ञेने पीओमधून जेसन फाइली काढायच्या. ही आज्ञा आपणहून, काढलेली वाक्यं मूळ पीओमधून वजा करते. म्हणून नेहमी प्रतीवर चालवा किंवा ‘नो-पर्ज’ हा पर्याय लावून चालवा. दुसरी वाट सोपी: कार्ट आणि चेकआउटचे ब्लॉक बदलून जुन्या पद्धतीचे क्लासिक करायचे. मग तिथलं बहुतेक सगळं एमओमधूनच येतं. एकटीने दुकान चालवणाऱ्या माणसाला मी सरळ दुसरी वाट सांगतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो. अवघडल्यासारखं वाटतं म्हणालात, त्याचं कारण तुमची मराठी नाही. इंग्रजी वाक्यात प्लगिनने एक रिकामी जागा सोडलेली असते: टक्क्याचं चिन्ह आणि पुढे एस. तिथे पुढे वस्तूचं नाव, गावाचं नाव, ग्राहकाचं नाव येऊन बसतं. इंग्रजीत नाव कुठलंही आलं तरी त्याचं रूप बदलत नाही. मराठीत नामाला विभक्ती लागली की त्याचं सामान्यरूप होतं, आणि ते मशीनला करता येत नाही.

‘____ला पाठवू’ असं भाषांतर केलं आणि नागपूरचा पत्ता टाकून तपासलं तर ‘नागपूरला पाठवू’ असं छान येतं. अमरावतीलाही चालतं, गोंदियालाही चालतं. मग भंडाऱ्याहून ऑर्डर येते आणि पानावर ‘भंडाराला पाठवू’ दिसतं. वर्धा असेल तर ‘वर्धाला’, पुणे असेल तर ‘पुणेला’. आपल्या गावाच्या नावावर तपासल्यामुळे चूक आपल्याला दिसतच नाही. वस्तूंचंही तेच. ‘चिवडा’चं ‘चिवड्याचा’ होतं, ‘लोणचं’चं ‘लोणच्याचा’. रिकाम्या जागेला ‘चा’ चिकटवला की ‘चिवडाचा’ होतो.

लिंगाचाही प्रश्न आहे. अमुक वस्तू कार्टमध्ये जमा झाली, असं सांगणारं वाक्य वूकॉमर्समध्ये सतत दिसतं. त्याचं मराठी काय करायचं? मसाला टाकला, बर्फी टाकली, लोणचं टाकलं. तिन्हींसाठी वाक्य एकच आणि क्रियापद तीन.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो दर वेळी चालतो. रिकाम्या जागेच्या शेजारी आपलं स्वतःचं एक नाम बसवायचं आणि विभक्ती, लिंग, वचन सगळं त्याच्यावर टाकायचं. ‘“____” ही वस्तू पिशवीत टाकली.’ आता मागे बर्फी येवो की लोणचं, क्रियापद ‘वस्तू’शी जुळलेलं आहे आणि वस्तू स्त्रीलिंगी आहे. ‘“____” या वस्तूचा साठा संपला.’ ‘चा’ वस्तूला लागला, नाव अवतरणात जसंच्या तसं राहिलं. गावासाठी ‘____ या पत्त्यावर पाठवू’. त्याहून बरं म्हणजे ‘पार्सलचा पत्ता: ____’. विसर्गचिन्हासारखा दिसणारा हा अपूर्णविराम दुकानाच्या मराठीत फार कामाचा आहे. किराणा दुकानाच्या बिलावर आपण असंच लिहितो: माल, नग, भाव, रक्कम. त्यात कोणाला काही तुटक वाटत नाही.

रिकाम्या जागा दोन किंवा जास्त असल्या की मूळ वाक्यात त्यांना क्रमांक दिलेले असतात: टक्क्यानंतर आकडा, मग डॉलरचं चिन्ह, मग एस. क्रमांक असले की जागा हव्या तशा पुढेमागे करता येतात, आणि मराठीत त्या करायलाच लागतात. अभिप्रायांच्या वर वूकॉमर्स लिहितं, ‘अमुक रिव्ह्यूज फॉर तमुक’. आपण दुसरी जागा आधी घ्यायची: ‘“तमुक” या वस्तूवर अमुक अभिप्राय’. फक्त क्रमांक पुसू नका, आणि टक्क्याचं चिन्ह आणि एस यांच्यामध्ये जागा पडू देऊ नका. एवढ्यानेही वाक्य बिघडतं, कधीकधी पानच उघडत नाही.

एकवचन-अनेकवचनाचे दोन रकाने दिसतात, ते दोन्ही भरा. मराठीचा नियम साधा आहे: एक असेल तर पहिलं, बाकी सगळ्याला दुसरं, शून्यालासुद्धा. ‘वस्तू’ या शब्दाचं रूप दोन्हीकडे तेच राहतं म्हणून दुसरा रकाना रिकामा सोडणारे मी पाहिलेत. मग एक वस्तू असली की वाक्य नीट, दोन झाल्या की बिघडलेलं.

शब्दांच्या निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. १९४०-५० च्या काळात डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून हिंदीसाठी पारिभाषिक शब्द घडवण्याचं प्रचंड काम केलं. कचेरी आणि शास्त्र यांच्यासाठी तशा शब्दांची गरज होती आणि त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण दुकानाच्या गल्ल्यावर घडवलेला शब्द चालत नाही, तिथे बोललेला शब्द लागतो. इतवारीत किंवा गांधीबागेत उभं राहून ऐका. लोक ‘नग’ म्हणतात, ‘माल’ म्हणतात, ‘पार्सल’ म्हणतात, ‘माल संपला’ म्हणतात. म्हणून क्वांटिटीला ‘नग’, आउट ऑफ स्टॉकला ‘माल संपला’, शिपिंग ॲड्रेसला ‘पार्सल पाठवायचा पत्ता’, बिलिंग ॲड्रेसला ‘बिलावरचा पत्ता’, रिफंडला ‘पैसे परत’. ऑर्डर, कूपन, ओटीपी, पिन कोड हे शब्द आता मराठीच आहेत, त्यांना हात लावू नका. कार्टला मी ‘पिशवी’ लिहितो. एका कापडाच्या दुकानाच्या मालकांना ते पटलं नाही, त्यांच्याकडे ‘कार्ट’च ठेवलं. दोन्ही चालतं. एकाच दुकानात दोन्ही मात्र चालत नाही. तुम्ही-आपणचंही तसंच, ‘तुम्ही’ ठरवलं की सगळीकडे तुम्ही. बोली क्रियापदं मात्र घालू नका. फोनवर ग्राहक ‘पार्सल कधी येऊन राहिलं?’ असं विचारेल आणि ते ऐकायला गोड आहे, पण तुमची बर्फी सांगलीलाही जाणार आहे.

पण नुसता शब्द ओळखीचा असून भागत नाही. प्लगिन त्या शब्दाने काय करतं तेही माहीत असावं लागतं. हे मी चुकून शिकलो. सक्करदऱ्याकडच्या एका सावजी मसालेवाल्यांचं दुकान मराठीत करत होतो. ऑर्डरच्या स्थितींमध्ये ‘प्रोसेसिंग’ हा शब्द होता. ‘प्रक्रिया सुरू’ लिहिलं असतं तर ग्राहकाला काहीच कळलं नसतं. मी विचार केला, पैसे जमा झाल्यावर ऑर्डर या स्थितीत जाते, म्हणून लिहिलं, ‘पैसे मिळाले, माल बांधणं सुरू’. वाचायला अगदी छान. चौथ्या-पाचव्या दिवशी मालकांचा फोन आला. एका ग्राहकाने घरी पैसे द्यायचे असं ठरवून ऑर्डर दिली होती. पार्सल घेऊन पोरगा दारात गेला तर त्यांनी मोबाइल पुढे केला: ‘हे बघा, तुमच्याच मेलमध्ये लिहिलंय, पैसे मिळाले.’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. वूकॉमर्समध्ये कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डरही थेट प्रोसेसिंगमध्येच जाते, पैसे यायच्या आधी. मला ते माहीत नव्हतं. पोरगा पार्सल घेऊन परत आला, दुसऱ्या दिवशी मालक स्वतः जाऊन बोलले. त्या दिवशी मी ते बदलून ‘पाठवायची तयारी सुरू’ केलं. तेव्हापासून स्थितीचं एकही नाव मी ऑर्डर स्वतः त्या स्थितीत नेऊन पाहिल्याशिवाय लिहीत नाही.

याच नावांमध्ये आणखी एक अडचण आहे. ती एकटी दिसत नाहीत, दुसऱ्या वाक्यात जाऊन बसतात. ‘ऑर्डर अमुक, तारीख तमुक, सध्या अमुक स्थितीत आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य ग्राहकाच्या खात्यात येतं. त्यात तिसऱ्या जागी स्थितीचं नाव उतरतं. म्हणून ते वाक्यही तोडून लिहा: ‘ऑर्डर क्र. ____, तारीख ____, सध्याची स्थिती: ____’. मग ‘पाठवायची तयारी सुरू’ तिथे नीट बसतं.

किती करायचं, हाही प्रश्न असतो. वूकॉमर्समध्ये वाक्यं हजारोंनी आहेत, पण त्यातली बरीचशी तुमच्या ग्राहकाला कधी दिसणार नाहीत. जगातल्या सगळ्या देशांची आणि त्यांच्या प्रांतांची नावं त्यात आहेत. सेटिंगमध्ये विक्री फक्त भारतात असं ठरवा आणि ती यादी सोडून द्या. ‘भारत’ आणि आपली राज्यं तेवढी करा. व्यवस्थापकाची पानंही सोडा. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा इंग्रजी ठेवली तर हिशेबाची पानं इंग्रजीत दिसतील आणि ग्राहकाला दुकान आणि मेल मराठीत जातील. आधी वस्तूचं पान, मग पिशवी, मग चेकआउट, मग मेल. पत्त्याच्या रकान्यात एक खाच आहे: भारत निवडला की ‘पोस्टकोड’ हे लेबल जाऊन त्या जागी ‘पिन कोड’ येतं, आणि ते वेगळं वाक्य आहे. दोन्ही करावी लागतात.

वूकॉमर्स नव्याने अपडेट झालं की पीओ नव्या साच्याशी जुळवून घ्यावी लागते. तेव्हा काही ओळींवर ‘फझी’ अशी खूण पडते. म्हणजे मूळ इंग्रजी बदललं आणि जुनं मराठी अंदाजाने लावलंय. बरीच साधनं या ओळी एमओमध्ये उतरवत नाहीत, लोकोमध्ये ते सेटिंगवर ठरतं. अपडेटनंतर मधूनच दोन वाक्यं इंग्रजीत दिसायला लागली तर आधी तिथे बघा. एकेक वाचून पक्की करा, सगळ्या एकदम मान्य करू नका.

आकड्यांचा घोळ भाषांतराच्या बाहेरचा असला तरी तुमच्याच दारात येतो. पान मराठीत दिसलं की काही ग्राहक मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत ४४०००१ लिहितात. वूकॉमर्स पिन कोड आणि फोन नंबर तपासताना फक्त इंग्रजी आकडे ओळखतं, त्यामुळे बरोबर लिहूनही ‘पिन कोड चुकीचा आहे’ असं उत्तर मिळतं. माणूस दोनदा लिहून बघतो आणि निघून जातो. क्लासिक चेकआउटमध्ये तपासणीच्या आधी देवनागरी आकडे बदलून देणारा चार ओळींचा कोड कोणाकडूनही लिहून घेता येतो. तोवर रकान्याच्या आत फिक्या अक्षरांत ‘इंग्रजी आकड्यांत लिहा’ एवढं ठेवा.

पत्त्याच्या ओळीत, म्हणजे लिंकमध्ये, देवनागरी शक्यतो टाळा. वर्डप्रेस देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तिथे नऊ चिन्हांत साठवतं आणि मर्यादा दोनशेची आहे. म्हणजे काना-मात्रा धरून बावीस चिन्हांत नाव कापलं जातं. वजन, चव अशा गुणधर्मांच्या स्लगला, म्हणजे लिंकमधल्या नावाला, तर अठ्ठावीसचीच मर्यादा आहे. नाव मराठीत ठेवा, स्लग इंग्रजी अक्षरांत.

बिलाची पीडीएफ जरूर उघडून पाहा. पीडीएफ बनवायला डॉम्पीडीएफ वापरणाऱ्या प्लगिनमध्ये देवनागरी नीट जुळत नाही. पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षरं फुटतात. एमपीडीएफवर चालणारं प्लगिन घेतलं तर ते सरळ येतं. एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर एका संदेशात १६० ऐवजी ७० अक्षरं मावतात, तेवढ्यात बसेल असं लिहा. थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर ते शून्य करा, नाहीतर शिरोरेघ तुटते.

तुमचं काम पक्कं झालं की ते वर्डप्रेसच्या भाषांतराच्या साइटवर मराठी गटाकडेही सुचवा. तिथे संपादक तपासून मान्य करतात, आणि एखाद्या प्लगिनची ९० टक्के वाक्यं मान्य झाली की त्याचा पहिला भाषा-पॅक तयार होतो. तो सगळ्या मराठी दुकानांना आपोआप जातो. फक्त ‘पिशवी’सारखी खास तुमच्या दुकानाची निवड स्वतःकडे कस्टममध्ये ठेवा. तिथे सर्वांनी ठरवलेली शब्दावली पाळायची असते.

शेवटी दोन ऑर्डरी करून बघा. एक यूपीआयने, एक घरी पैसे देण्याची, आणि दोन्हींचे सगळे मेल नीट वाचा. घरी पैसे देण्याची ऑर्डर स्वतः करू नका. घरातल्या ज्यांनी हे पान कधी पाहिलेलं नाही त्यांच्या हातात मोबाइल द्या, पत्ता भंडाऱ्याचा किंवा वर्ध्याचा घालायला सांगा, आणि शेजारी बसून काहीही न बोलता बघा. बोट जिथे थांबेल ती ओळ कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पीओ उघडून आधी तीच ओळ बदला.